लाज दवाखान्याच्या दाराबाहेर ठेवा

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

कुणी भाकरी थापत ऐकत असाल, कुणी शेळ्यांना पाला टाकत, कुणी गटाच्या बैठकीला जमून.

आजचा विषय बचतीचा नाही, पण सुरुवात बचतीच्या वहीपासूनच करते. आपल्या कर्ज रजिस्टरात ‘कर्जाचं कारण’ असा एक रकाना असतो. शेळी, शिलाई मशीन, मुलीची फी, घराची दुरुस्ती असं आपण त्यात लिहितो. आणि लिहितो ‘आजारपण’. मागच्या वर्षी एका गटाचं रजिस्टर तपासताना आजारपणासाठी वीस हजार दिलेले दिसले. मी त्या बाईला विचारलं, “काय झालं होतं?” ती म्हणाली, “पोराचा पाय मोडला.” “कसा?” “गाडीवरनं पडला.” “कसा काय पडला?” त्यावर ती गप्प बसली. शेजारच्या दोघी खाली बघायला लागल्या. मी पुढे काही विचारलं नाही. पोर पिऊन पडलं होतं, हे मला न सांगता कळलं, कारण असं गप्प बसायची पाळी माझ्या घरावरही येऊन गेली आहे.

तीच गोष्ट आज सांगणार आहे. घरातल्यांना विचारून सांगते आहे.

त्या रात्री आमच्या घरी काय झालं

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा, दहावीला होता. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. भावकीत हळद होती. डीजे लावलेला, आम्ही बायका लवकर घरी आलो. रात्री साडेअकराच्या सुमारास दोन पोरं त्याला मोटारसायकलवर मधे धरून घेऊन आली. कालव्याच्या वळणावर गाडी घसरली म्हणाली. गाडी तोच चालवत होता. कोपर सोललेलं, पाय सुजलेला, कपाळावर टेंगूळ. पण बोलत होता, “काही नाही झालं, काकी” म्हणत होता. तोंडाला वास येत होता.

जाऊबाईंनी पहिलं काम काय केलं असेल? दार लावून घेतलं. सासरे ओसरीवर झोपले होते, त्यांना कळायला नको. मग लिंबू पिळून पाणी पाजलं. म्हणाल्या, “झोपू दे त्याला. सकाळपर्यंत उतरंल. सकाळी पायाचं बघू.” मीही हो म्हणाले. बी.ए. झालेली, गटागटांत आरोग्याची माहिती सांगत फिरणारी मी, मीही हो म्हणाले. थोड्या वेळानं तो मोठ्यानं घोरायला लागला. आम्हाला वाटलं, चला, गाढ झोप लागली.

दोनच्या सुमारास त्याला उताणा असतानाच उलटी झाली आणि श्वास अडकल्यासारखा झाला. हलवलं, गालावर मारलं, पण तो डोळे उघडेना. मग मात्र सासरे, दीर, सगळी आळी जागी झाली आणि आम्ही 108 ला फोन लावला.

दवाखान्यातल्या अपघात विभागात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “दारू प्यायलाय का?” जाऊबाई माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मीच म्हणाले, “नाही हो डॉक्टर. आमच्या घरात कुणी पीत नाही.”

दहा मिनिटं मी त्या खोट्यावर उभी होते. मग तिथल्या एका वयस्कर सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ताई, वास आम्हालाही येतो. पण काय प्यायला, किती प्यायला आणि कधी प्यायला, हे वासावरून कळत नाही. ते तुम्हीच सांगायचं. आम्ही त्याला रागवायला बसलेलो नाही.” तेव्हा मी सांगितलं. बरोबरच्या पोरांना फोन करून विचारलं. दोन तासांत एक क्वार्टर, तीही रिकाम्या पोटी. त्यांनी त्याची साखर तपासली तर ती खूप खाली गेलेली. लगेच ग्लुकोज लावलं. डोक्याच्या सीटी स्कॅनसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. मेंदूजवळ थोडं रक्त साकळलं होतं, नशिबानं ऑपरेशन लागलं नाही. पायाचं मात्र करावं लागलं. परीक्षा हुकली, ती त्यानं जुलैमध्ये दिली. थंडीत अजून जरा लंगडतो. पण आहे. आमच्या डोळ्यांसमोर आहे.

डॉक्टर दारूबद्दल का विचारतात

मी नंतर त्या सिस्टरांना मुद्दाम भेटले आणि विचारलं, खरं सांगितल्यानं एवढा काय फरक पडतो? त्यांनी जे समजावलं, ते आपल्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट डोक्याच्या माराची. दारूनं माणूस गुंगतो, अडखळत बोलतो, उलटी करतो. डोक्याला आतून मार लागला तरी माणूस गुंगतो, अडखळतो, उलटी करतो. दोन्हीचं रूप सारखंच. म्हणून ‘प्यायलाय, पडू दे’ असं म्हणताना आपण कदाचित डोक्यातला रक्तस्राव झोपेवर घालवत असतो. काही जण मार लागल्यावर आधी नीट बोलतात आणि काही तासांनी कवटीच्या आत रक्त साठत जाऊन बेशुद्ध होतात. किती आणि कधी प्यायला हे कळलं, तर एवढी गुंगी दारूची की माराची, याचा डॉक्टरांना अंदाज येतो.

दुसरी गोष्ट भुलेची. मोडलेलं हाड बसवायला भूल द्यावी लागते. पोटात दारू आणि जेवण असेल, तर भुलेत ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. हे माहीत असलं की भूल देणारे डॉक्टर तशी तयारी करतात किंवा थांबतात.

तिसरी गोष्ट औषधांची. दुखणं थांबवायची काही जोरदार इंजेक्शनं आणि झोपेची औषधं दारूच्या जोडीला आली की श्वास मंद करतात. पोटात दारू आहे हे माहीतच नसेल, तर डॉक्टर बेतानं औषध कसं देणार?

चौथी गोष्ट साखरेची. दारू पचवायच्या नादात यकृत रक्तात साखर सोडायचं काम मागे टाकतं. कोवळ्या वयात, रिकाम्या पोटी, साखर झपाट्यानं खाली येऊ शकते. साखर फार उतरली की फिट येते, शुद्ध जाते.

पाचवी आपल्या गावाकडची. दारूच्या वासाआड दुसरा वास लपतो. पोरानं रागाच्या भरात पिऊन वर तणनाशक किंवा फवारणीचं औषध घेतलेलं असू शकतं. तशी जराही शंका असली तर ती बोलून दाखवायची, आणि तो डबा बरोबर न्यायचा.

पोरांना जास्त का बाधते

मोठा माणूस आणि पंधरा-सोळा वर्षांचं पोर एकच बाटली प्यायले, तरी दोघांना लागते वेगळी. पोराचं वजन कमी, सवय नाही, आपल्याला किती झेपते हे माहीत नाही, आणि मित्रांपुढे ‘घाबरट’ म्हणवून घ्यायचं नसतं म्हणून घाईनं पितात. शिवाय पुढचा-मागचा विचार करणारा मेंदूचा भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. आधीच कच्चा असलेला लगाम दारूनं सुटतो. म्हणून ही पोरं गाडी जोरात काढतात, विहिरीवर रात्रीची पोहायला जातात, कट्ट्यावरून उडी मारतात, बाटली फोडून भांडतात. अपघात विभागात येतं ते हेच सगळं: फुटलेलं डोकं, मोडलेला हात-पाय, काचेनं चिरलेला तळहात, नाकातोंडात पाणी गेलेलं पोर.

एक हिशेब लक्षात ठेवा. एक क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर. एवढी विलायती दारू शरीरातून उतरायला मोठ्या माणसालाही सहा ते आठ तास लागतात. लिंबू, ताक, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, यातल्या कशानंही ती लवकर उतरत नाही. यकृत आपल्या गतीनंच काम करतं. आणि शेवटचा घोट घेतल्यावरही पोटातली दारू तासभर रक्तात चढतच असते. घरी आला तेव्हा बोलत होता, म्हणून तासाभरानं ठीकच असेल असं नाही. आमची चूक इथेच झाली.

घरी काय करायचं, काय नाही

कागद-पेन्सिल घेतली तरी चालेल.

हाक मारा, खांदा हलवा. डोळे उघडून नीट उत्तर देत असेल तरच त्याला झोपू द्या, तेही एका कुशीवर, आणि कुणीतरी जागं बसा. अधूनमधून उठवून बघा. डोक्याला मार असेल तर झोपवून वाट बघूच नका, दवाखान्यात न्या.

उताणं झोपवू नका. उलटी घशात अडकते. अपघात झाला असेल तर मानेला हिसका देऊ नका. उलटी होत असेल तर डोकं, मान आणि अंग दोघी-तिघींनी मिळून एकदम वळवा.

बेशुद्ध पोराचं घरघर वाजणारं घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. श्वासाची वाट अर्धी बंद झाल्याची ती खूण असू शकते.

तोंडात काही घालू नका. बोटं घालून किंवा मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. गार पाणी ओतू नका. दारूनं अंग आधीच थंड पडत असतं. त्याला गोधडी घाला.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं जोरात दाबून धरा. हळद, चुना, तंबाखू, माती जखमेत भरू नका.

आणि पुढचं काहीही दिसलं तर थांबू नका, 108 ला फोन करा: हाक मारून उठत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर, ओठ-नखं निळी, फिट आली, पुन्हा पुन्हा उलट्या, नाकातून-कानातून रक्त किंवा पाण्यासारखं येतं, एका डोळ्याची बाहुली मोठी, एक लहान.

हातभट्टीची दारू प्यायला असेल तर आणखी एक. दुसऱ्या दिवशी पोट दुखतं, डोळ्यांपुढे पांढरं धुकं दिसतं, अशी तक्रार केली तर ती हँगओव्हर म्हणून सोडू नका. त्यात मिथेनॉल असेल तर नजर जाते, जीवही जातो. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरहून जास्त माणसं गेली. यावर दवाखान्यात उतारा असतो, डायलिसिस असतं, पण वेळेत पोचलं तरच.

अपघात विभागात गेल्यावर न विचारता सांगायच्या गोष्टी या: काय प्यायला, किती, किती वाजता, बरोबर दुसरं काही घेतलं का, गोळी, गांजा, औषध, पडल्यावर शुद्ध गेली होती का, शेवटचं कधी जेवला, आधीपासून फिट, दमा, साखर असं काही आहे का. बाटली मिळाली तर पिशवीत घालून न्या. मित्रांनाच जास्त माहीत असतं. त्यांना रागावून पळवून लावू नका, धरून बसवा आणि विचारा.

मुलगी असेल तर तिच्या चारित्र्याची चर्चा दवाखान्याच्या ओसरीवर करू नका. कुणी सरबतातून पाजली असेल, तिच्यावर काही अत्याचार झाला असेल, तर ते सांगायला तिला एक शांत कोपरा आणि विश्वासातलं एक माणूस हवं असतं. अशा मुलीवर कोणत्याही दवाखान्यानं लगेच मोफत उपचार करायचे, असा कायदा आहे.

पोलिसांची भीती

आता तुमच्या मनातलं बोलते. ‘खरं सांगितलं की पोलीस केस होईल.’

अपघाताची नोंद दवाखान्यात होते, पोलिसांना कळवलंही जातं. ही नोंद दारू लपवली तरी होतेच. पण केस असो-नसो, आधी उपचार. सर्वोच्च न्यायालयानं 1989 साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की जखमीचा जीव वाचवणं आधी, कागद नंतर. वाटेवरच्या माणसानं जखमीला पोचवलं तर त्याच्यावर नाव-पत्त्याची सक्ती करता येत नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत.

खोटी आशा मात्र लावत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलानं मोटारसायकल चालवून गुन्हा केला, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते. आपल्या नकळत गाडी नेली हे सिद्ध करता आलं तर सुटका. विम्याचाही प्रश्न येतो. म्हणून खरं बोलणं फुकट आहे असं मी म्हणत नाही. पण किल्ली खिळ्यावर टांगून ठेवली ती आपणच. तिची किंमत पोराच्या डोक्यावरून वसूल करायची का, एवढंच विचारते.

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या आलिशान गाडीनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, हे तुम्ही ऐकलं असेल. पुढे त्या मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. ती बातमी वाचताना आम्ही सगळ्या चिडलो होतो. मग मला माझीच ती दहा मिनिटं आठवली. त्यांच्याकडे पैसा होता, माझ्याकडे नुसती लाज होती. पण डॉक्टरांपुढे खोटं मीही उभं केलं होतंच.

पाजलं कुणी?

पोरानं चूक केली हे खरं. पण सोळा वर्षांच्या पोराच्या हातात बाटली दिली कुणी? आपल्या राज्यात बिअर आणि वाइनसाठी वय 21 पूर्ण लागतं, बाकी दारूसाठी 25. बाल न्याय कायद्याच्या कलम 77 प्रमाणे अठराखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मग तो दुकानदार असो, ढाबेवाला असो, नाहीतर हळदीत ‘घे रे, आता मोठा झालास’ म्हणणारा चुलता असो. 2019 साली केंद्र सरकारनं एक अहवाल काढला. त्यात देशात 10 ते 17 वयाची सुमारे 30 लाख मुलं दारू पितात असा अंदाज आहे. एवढी मुलं स्वतःच्या पैशानं आणि स्वतःच्या बुद्धीनं पीत नसतात.

आपल्या हातात एक मोठं हत्यार आहे, ते तुम्हाला माहीतच आहे: आडवी बाटली. गावातल्या पंचवीस टक्के बायांनी सह्या केल्या की मतदान घ्यावं लागतं, आणि ठरलेल्या प्रमाणात मतं बंदीच्या बाजूनं पडली की दुकान बंद. पण सगळ्या गावांत ते लगेच जमत नाही. तोवर छोटी कामं करता येतात. आमच्या गटांनी ठराव केला आहे की आपल्या घरच्या हळदीत, वरातीत पोरांना दारू मिळणार नाही, आणि त्या रात्री गाडीच्या किल्ल्या घरातली एक बाई आपल्या कमरेच्या पिशवीत ठेवेल. पहिल्या लग्नात लोक हसले. दुसऱ्या लग्नात नवरदेवाच्या आईनंच किल्ल्या मागून घेतल्या.

घरी परत आल्यावर

पोर बरं होऊन घरी आलं की दोन गोष्टी होतात. एक तर मार बसतो, नाहीतर सगळे गप्प बसतात. दोन्हींचा उपयोग नाही. जखम ताजी असते तेव्हा पोराचं मनही मऊ असतं. अमेरिकेत 18-19 वर्षांच्या मुलांबरोबर अपघात विभागातच अर्धा-पाऊण तास शांतपणे बोलून बघितलं, न रागावता. सहा महिन्यांनी त्या मुलांत पिऊन गाडी चालवणं आणि दारूमुळे होणाऱ्या दुखापती कमी झालेल्या दिसल्या. तो अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. आमच्याकडे हे काम त्या सिस्टरांनी केलं. पुतण्याला त्यांनी एकच विचारलं, “त्या रात्री तुला नक्की काय हवं होतं रे?” तो खूप वेळानं म्हणाला, “मला नाही म्हणता येईना.” जाऊबाईंनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून बोलणं सुरू झालं.

घरच्या बोलण्यानं भागत नसेल तर मदत मागा. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेलिमानसचा 14416, व्यसनाबद्दल 14446 आणि मुलांसाठी 1098, हे फोन फुकट आहेत. हे आकडे गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, वर 108 मोठ्या अक्षरात.

आणि पुढच्या बैठकीत आणखी एक करा. रजिस्टरातल्या ‘आजारपण’ या शब्दापुढे खरं काय ते बोलायची मुभा एकमेकींना द्या. वहीत लिहा म्हणत नाही, नुसतं बोला. ज्या बाईला गटात खरं बोलता येतं, तिला रात्री दोन वाजता डॉक्टरांपुढेही बोलता येईल.

तोवर नमस्कार. आज किल्ली कुठे टांगली आहे, तेवढं बघून या.